दहा वर्षांचा वायदा : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पहिल्या पर्वाचा इतिहास

कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास दोन रीतींनी लिहिता येतो. यंत्रांनी प्रत्यक्षात काय केले याची नोंद ठेवणारा इतिहास ही एक रीत, आणि यंत्रे लवकरच काय करतील असे त्यांच्या कर्त्यांनी जाहीर केले याची नोंद ठेवणारा इतिहास ही दुसरी. १९५६ ते १९७३ या पहिल्या पर्वापुरते बोलायचे तर दुसरा इतिहास पहिल्यापेक्षा पानांनी मोठा भरतो आणि वाचकाची करमणूकही अधिक करतो. यंत्र दहा वर्षांत बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, पाच वर्षांत परभाषेतील ग्रंथांचे भाषांतर करू लागेल, आणि डोळ्यांनी पाहून वस्तू ओळखण्याचा प्रश्न तर एका उन्हाळी सुटीत बराचसा मार्गी लागेल, अशी भाकिते या काळात आणि त्याच्या उंबरठ्यावर झाली आणि त्यांतले एकही ठरल्या वेळी खरे झाले नाही. ही भाकिते करणारी माणसे भोंदू नव्हती. त्यांच्यापैकी चौघांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असे ट्युरिंग पारितोषिक मिळाले आणि एकाला पुढे अर्थशास्त्राचे नोबेलही. त्यामुळे त्यांची चूक हा अज्ञानाचा प्रकार मानता येत नाही. विद्वानाला जे अवघड जाते ते यंत्रालाही अवघड जाणार आणि शेंबड्या पोराला जे जमते ते यंत्राला चुटकीसरशी जमणार, हे त्यांनी न तपासता गृहीत धरले, आणि या पर्वातील बहुतेक फजित्या त्या एका गृहीतकातून निघाल्या.

मार्व्हिन मिन्स्की यांनी या विषयाची जी व्याख्या केली ती आजही चालते. माणसाने केले असता ज्याला बुद्धी लागते असे आपण म्हणतो, ते काम यंत्राकडून करवून घेण्याचे शास्त्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. व्याख्या सुटसुटीत असली तरी तिने या शास्त्राच्या नशिबी एक कायमचा तोटा लिहून ठेवला. कारण यंत्राने एखादे काम करून दाखवले की लोक लगेच म्हणू लागतात की यात कसली आली बुद्धी, ही तर नुसती आकडेमोड. त्यामुळे सुटलेला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या कुठल्या तरी शास्त्राच्या खात्यावर जमा होतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खात्यावर केवळ न सुटलेले प्रश्न शिल्लक राहतात.

साडेसात हजार डॉलरचा उन्हाळा

या शास्त्राचे बारसे एका अनुदानाच्या अर्जात झाले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर या गावी डार्टमथ कॉलेज आहे. तेथे गणित शिकवणारे जॉन मॅकार्थी, मिन्स्की, आयबीएम कंपनीतील नॅथनिएल रॉचेस्टर आणि बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन या चौघांनी ३१ ऑगस्ट १९५५ रोजी एक प्रस्ताव लिहून रॉकफेलर प्रतिष्ठानाकडे १३,५०० डॉलर मागितले. मॅकार्थी आणि मिन्स्की यांनी तेव्हा वयाची तिशीही गाठली नव्हती. शिकण्याची क्रिया, किंबहुना बुद्धीचे कोणतेही अंग, तत्त्वतः इतक्या नेमकेपणाने सांगता येईल की यंत्राला त्याची नक्कल करता यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि निवडक दहा माणसे दोन महिने एकत्र बसली तर भाषा, अमूर्त कल्पना, स्वतःत सुधारणा करण्याची क्षमता आणि सर्जनशीलता यांपैकी एका किंवा अधिक प्रश्नांत भरीव प्रगती होईल, असा त्यांचा अंदाज होता. ज्या प्रश्नांनी तत्त्वज्ञांच्या कित्येक पिढ्या दमवल्या, त्यांच्यासाठी दोन महिन्यांची मुदत सुचवणारा हा अर्ज वाचून प्रतिष्ठानाने मागितलेल्या रकमेपैकी ७,५०० डॉलर मंजूर केले.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव मॅकार्थी यांनी निवडले त्यामागे जसा वैचारिक हेतू होता तसा व्यावहारिकही होता. यंत्र आणि सजीव यांच्यातील नियंत्रण व संदेशवहन यांचा एकत्र विचार करणारे ‘सायबरनेटिक्स’ हे शास्त्र त्या काळी गाजत होते आणि नॉर्बर्ट वीनर हे त्याचे अध्वर्यू होते. ते नाव घेतले असते तर वीनर यांना एक तर गुरू मानावे लागले असते किंवा त्यांच्याशी वाद घालत बसावे लागले असते, आणि या दोन्ही आपत्ती टाळायच्या होत्या, अशी कबुली मॅकार्थी यांनी नंतर दिली. प्रत्यक्ष १९५६च्या उन्हाळ्यात निमंत्रित मंडळी आपापल्या सोयीने आली, काही आठवडाभर राहिली, काही दोनच दिवसांत परतली, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे ऐकण्यापेक्षा स्वतःची कल्पना मांडण्यावर भर दिला. ठरलेल्या प्रश्नांपैकी एकही त्या उन्हाळ्यात सुटला नाही; शास्त्राला नाव मिळाले आणि पुढली दोन दशके त्याची धुरा वाहणारी माणसे एकमेकांना भेटली, एवढीच त्या रकमेची प्राप्ती, आणि ती मुळीच महाग म्हणता येणार नाही.

यंत्राआधी बायकोमुले

डार्टमथला चालू स्थितीतला संगणकाचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, घेऊन आलेले दोघे मात्र अर्ज करणाऱ्यांपैकी नव्हते. ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी जे. सी. शॉ यांच्या साहाय्याने ‘लॉजिक थिऑरिस्ट’ नावाचा कार्यक्रम रचला होता, आणि तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणे हे त्याचे काम होते. प्रत्येक शक्यता तपासत बसण्याऐवजी, उत्तराच्या दिशेने नेण्याचा संभव अधिक अशी वाट आधी धरायची, या अनुभवी माणसाच्या अटकळीला संगणकशास्त्रात ‘ह्युरिस्टिक’ म्हणतात. या कार्यक्रमाची मदार अशा अटकळींवर होती. १९५६च्या जानेवारीत तो कागदावर तयार होता, पण यंत्रावर चढलेला नव्हता. तेव्हा सायमन यांनी आपली पत्नी, तीन मुले आणि काही विद्यार्थी यांना एकत्र बसवले, प्रत्येकाच्या हाती एकेक कार्ड दिले, कोणाला कार्यक्रमाचा एक भाग तर कोणाला स्मृतीचा एक कप्पा बनवले, आणि कार्डावर लिहिलेल्या सूचनेपलीकडे कोणीही डोके चालवू नये अशा अटीवर प्रमेयाची सिद्धता पार पाडली. माणसांनी यंत्राचे सोंग घेण्याचा हा प्रयोग यशस्वी झाला, आणि नाताळच्या सुटीत आपण विचार करणारे यंत्र शोधून काढल्याचे सायमन यांनी त्याच महिन्यात आपल्या वर्गात जाहीरही केले, जरी ते यंत्र तोवर मुख्यत्वे त्यांच्या कुटुंबीयांचे बनलेले होते.

पुढे हा कार्यक्रम रँड संस्थेच्या ‘जॉनिअॅक’ संगणकावर चालू लागला. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड आणि बर्ट्रांड रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या गणिताचा पाया तर्कशास्त्रावर उभा करू पाहणाऱ्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ त्याने सिद्ध केली, आणि एका प्रमेयाची सिद्धता तर मूळ ग्रंथातील सिद्धतेपेक्षा सुटसुटीत निघाली. सायमन यांनी ही वार्ता रसेल यांना कळवली, तेव्हा हे यंत्राने होते असे आधी ठाऊक असते तर आपली आणि व्हाइटहेड यांची दहा वर्षे वाचली असती, अशा आशयाचे उत्तर त्या वृद्ध तत्त्वज्ञाने पाठवले. या सिद्धतेविषयीचा निबंध खुद्द कार्यक्रमाला सहलेखक करून तर्कशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकाकडे धाडण्यात आला आणि तो परत आला. यंत्राने माणसाच्या पंक्तीत बसण्याचा केलेला हा पहिला प्रयत्न, आणि संपादकाच्या नकारापुरती तरी बरोबरी त्याला त्यातून साधली.

चार भाकिते आणि एक पैज

या यशाने धीर चढलेल्या सायमन आणि न्यूवेल यांनी १९५७ साली एका व्याख्यानात चार भाकिते केली, आणि पुढच्याच वर्षी ती छापूनही आली. दहा वर्षांच्या आत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, एखादे नवे व महत्त्वाचे गणिती प्रमेय शोधून सिद्ध करील, रसिकांनी दाद द्यावी असे संगीत रचील, आणि मानसशास्त्रातील बहुतेक सिद्धांत संगणकाच्या कार्यक्रमाच्या रूपात मांडले जाऊ लागतील, अशी ती होती. सायमन तेवढ्यावर थांबले नाहीत. माणूस करतो ते कोणतेही काम यंत्र वीस वर्षांत करू शकेल, असे त्यांनी १९६५ साली लिहिले, आणि १९६७ साली मिन्स्की यांनीही एका पिढीच्या आत हा प्रश्न बव्हंशी सुटलेला असेल असा निर्वाळा दिला. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण केवळ लग्नमंडपापुरती नाही, असे या काळची भाकिते एकापुढे एक ठेवून वाचताना म्हणावेसे वाटते.

या भाकितांवर सर्वांत तिखट टीका केली ती तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ह्युबर्ट ड्रायफस यांनी. रँड संस्थेसाठी १९६५ साली लिहिलेल्या अहवालात त्यांनी या साऱ्या खटाटोपाची गणना शिशाचे सोने करू पाहणाऱ्या किमयागारांच्या विद्येत केली, आणि बुद्धिबळ खेळणारा एक कार्यक्रम दहा वर्षांच्या मुलाकडून हरल्याचा दाखलाही दिला. टीका पुष्कळ अंशी रास्त होती. पण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, येथील रिचर्ड ग्रीनब्लाट यांनी लिहिलेल्या ‘मॅक हॅक’ या कार्यक्रमाशी ड्रायफस १९६७ साली स्वतः खेळायला बसले आणि हरले. हात दाखवून अवलक्षण करण्याचा हा प्रसंग विरोधकांनी आनंदाने मिरवला. परंतु एका तत्त्वज्ञाला हरवणे आणि जगज्जेत्याला हरवणे यांत जे अंतर आहे, त्यावर त्या आनंदात कोणी फारसे बोट ठेवले नाही.

ते अंतर ब्रिटिश बुद्धिबळपटू डेव्हिड लेव्ही यांना दिसले होते. पुढील दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला हरवू शकणार नाही, अशी पैज त्यांनी १९६८ साली मॅकार्थी आणि एडिंबरा विद्यापीठाचे डोनाल्ड मिची यांच्याशी मारली. मागाहून आणखी काहींनी तीत उडी घेतली आणि पणाची रक्कम १,२५० पौंडांवर गेली. १९७८ साली मुदत सरत असताना लेव्ही यांनी त्या वेळच्या सर्वांत बलवान कार्यक्रमाला हरवून ती जिंकली. या पर्वात दहा वर्षांच्या मुदतीचे जे अंदाज झाले त्यांतला हा वेळेवर खरा ठरलेला अंदाज यंत्राच्या विरुद्ध बाजूने बांधलेला होता, ही बाब नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

चारशे डोळ्यांचे यंत्र

तर्काच्या नियमांनी बुद्धी घडवू पाहणाऱ्या या मंडळींहून वेगळी वाट फ्रँक रोझेनब्लाट यांनी धरली. मेंदूतील चेतापेशी परस्परांशी जोडलेल्या असतात आणि अनुभवानुसार त्यांच्यातील काही जोडण्या बळकट व काही दुबळ्या होतात, या कल्पनेवरून त्यांनी ‘परसेप्ट्रॉन’ नावाचे यंत्र योजले. त्याला नियम सांगायचे नसत. उदाहरणे दाखवायची, उत्तर चुकले की जोडण्यांचे वजन किंचित बदलायचे, आणि चुका कमी होईपर्यंत हे चालू ठेवायचे, अशी त्याच्या शिकण्याची तऱ्हा होती. १९५८च्या जुलैमध्ये अमेरिकी नौदलाने वॉशिंग्टनमध्ये त्याचे प्रात्यक्षिक घडवले, तेव्हा एका अवाढव्य संगणकाने पन्नास प्रयत्नांनंतर कार्डावरील खूण डाव्या बाजूस आहे की उजव्या हे ओळखण्यापर्यंत मजल मारली. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली ती मात्र अशी की, हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, पाहील, लिहील, स्वतःसारखी यंत्रे जन्माला घालील आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही असेल, अशी नौदलाची अपेक्षा आहे, आणि लिहितावाचता येणारे पहिले यंत्र वर्षभरात एक लाख डॉलर खर्चून तयार होईल. डावे-उजवे कळण्यापासून आत्मभान येण्यापर्यंतचा प्रवास त्या बातमीने एका रकान्यात आटोपला.

नंतर बांधलेल्या ‘मार्क वन परसेप्ट्रॉन’ला २० गुणिले २० अशा मांडणीत ४०० प्रकाशसंवेदी घटकांचा डोळा होता आणि त्याला साधे आकार ओळखता येत. परंतु १९६९ साली मिन्स्की आणि सिमूर पॅपर्ट यांनी ‘परसेप्ट्रॉन्स’ हा ग्रंथ लिहून एकाच थराच्या अशा यंत्राच्या मर्यादा गणिताने दाखवून दिल्या. दोन गोष्टींपैकी नेमकी एकच खरी आहे काय, एवढा साधा प्रश्नही त्याला सोडवता येत नाही, हे त्यांतले सर्वांत गाजलेले उदाहरण. अनेक थर रचले तर ही अडचण राहत नाही, पण अशा थरांना शिकवावे कसे, याची उपयोगात आणण्याजोगी रीत तेव्हा हाती नव्हती. मिन्स्की आणि रोझेनब्लाट हे न्यूयॉर्कमधील एकाच शाळेचे विद्यार्थी, आणि मिन्स्की यांनी स्वतःही तरुणपणी चेतापेशींच्या जाळ्याची नक्कल करणारे यंत्र बांधलेले. त्यामुळे या वादाला भाऊबंदकीची धार होती. रोझेनब्लाट १९७१ साली नौकेच्या अपघातात वारले, आणि त्यांच्या वाटेवरची वर्दळ पुढे बरीच वर्षे थंडावली.

भाषा, दृष्टी आणि इतर किरकोळ कामे

भाषांतराचा वायदा याहून जुना होता. ७ जानेवारी १९५४ रोजी जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी न्यूयॉर्कमध्ये साठाहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर संगणकाकडून करवून दाखवले. यंत्राला २५० शब्द आणि व्याकरणाचे सहा नियम माहीत होते, आणि वाक्येही त्या शब्दांत व त्या नियमांत बसतील अशीच निवडलेली होती. तीन ते पाच वर्षांत महत्त्वाच्या क्षेत्रांतील भाषांतर यंत्राच्या आवाक्यात येईल, असे प्रकल्पाचे प्रमुख लिओन डोस्टर्ट यांनी सांगितले, आणि शीतयुद्धाच्या त्या काळात रशियन कागदपत्रे वाचण्यास आतुर झालेल्या सरकारने थैली सैल सोडली. या खर्चाचे फलित तपासण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९६६ साली हिशेब मांडला तेव्हा यांत्रिक भाषांतर माणसाने केलेल्या भाषांतरापेक्षा संथ, अधिक चुकीचे आणि दुप्पट महाग पडते असे आढळले. शब्दाचा अर्थ शब्दकोशात मिळतो, परंतु वाक्याचा अर्थ लागण्यासाठी पेटी दौतीत मावत नाही, मूल रांगते, पाऊस वरून पडतो, अशी अगणित माहिती लागते. ती माणसाला न शिकवता येते आणि म्हणूनच ती यंत्राला शिकवावी लागेल हे ध्यानात यायला बारा वर्षे लागली.

हाच भ्रम दृष्टीच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसला. पॅपर्ट यांनी जुलै १९६६ मध्ये एमआयटीत एक टिपण काढले आणि उन्हाळी कामासाठी आलेल्या विद्यार्थ्यांकडे यंत्राच्या दृष्टीचा बराचसा भाग बांधण्याचे काम सोपवले. चित्रातील वस्तू पार्श्वभूमीपासून वेगळ्या काढणे आणि अखेरीस त्या नावानिशी ओळखणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. छायाचित्र म्हणजे यंत्राच्या लेखी उजेडाच्या मापांचा नुसता तक्ता. त्यात सावली कोठे संपते आणि वस्तू कोठे सुरू होते हे कोठेच लिहिलेले नसते, आणि तीच खुर्ची कलती ठेवली की तक्त्यातील सगळे आकडे बदलतात. उन्हाळा संपला, विद्यार्थी वर्गात परतले आणि प्रश्न जागच्या जागी राहिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफरॅक’ हा संगणक उभारणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन त्याच दशकाच्या आरंभी इलिनॉय विद्यापीठात याच प्रश्नाला भिडले होते, पण त्यांनी बेतच मर्यादित ठेवला होता. अणुकणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राने वाचावीत यासाठी, वाक्याला जसे व्याकरण असते तसे चित्रालाही असू शकते या कल्पनेवर त्यांनी काम केले, आणि आकृती ओळखण्याच्या शास्त्रात या पद्धतीच्या आरंभीच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

फुलराणीचे नाव घेतलेली डॉक्टरीण

फसलेल्या या वायद्यांच्या गर्दीत एका कार्यक्रमाने कोणताही वायदा न करता सर्वांवर मात केली. एमआयटीतील जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ प्रसिद्ध केली. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीवरून हे नाव ठेवलेले होते. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी पुढे ‘ती फुलराणी’ रचले, त्यामुळे मराठी रसिकांना ही एलायझा मंजुळा या नावाने चांगली परिचित आहे. संगणकातील एलायझाने मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका घेतली होती. रुग्णाच्याच वाक्यातील शब्द उलटवून त्याचा प्रश्न करणे, ‘आई’, ‘वडील’ असा शब्द दिसला की घरच्यांबद्दल अधिक सांगण्यास सुचवणे, आणि काहीच न जुळल्यास ‘बोला, पुढे बोला’ अशा अर्थाचे मोघम वाक्य टाकणे, एवढेच तिचे भांडवल. तिला रुग्णाचे एक अक्षरही कळत नव्हते. तरीही ही घडण जवळून पाहिलेल्या, स्वतः वाइझेनबाउम यांच्या लेखनिक बाईंनी एलायझाशी चार वाक्ये बोलल्यावर, आपल्याला थोडा एकांत हवा असे सांगून त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या अनुभवाने वाइझेनबाउम इतके अस्वस्थ झाले की १९७६ साली त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर आणि माणसांच्या भाबडेपणावर एक ग्रंथच लिहिला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी याच्या उलट दिशेने जाऊन ‘पॅरी’ नावाचा रुग्ण घडवला. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारा आणि गुंडांच्या टोळ्या आपल्या पाठीवर आहेत अशा संशयाने पछाडलेला हा रुग्ण इतका हुबेहूब वठला की त्याची आणि खऱ्या रुग्णांची संभाषणे वाचणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस ठरला नाही. १९७२ साली आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या ‘आर्पानेट’वरून डॉक्टरीण एलायझा आणि रुग्ण पॅरी यांची गाठ घालून देण्यात आली. डॉक्टरीण प्रश्न विचारत राहिली, रुग्ण संशय घेत राहिला, आणि समजूत कोणाचीच पटली नाही. भाषेचे ज्ञान नसतानाही संभाषण कितपत रेटता येते याचा हा वस्तुपाठ होता, आणि गोड बोलणे व समजून बोलणे यांतला फरक ओळखण्यात माणूस किती कच्चा आहे याचाही.

सर जेम्स यांचा हिशेब

वायद्यांची मुदत सरत आली तसे पैसे देणारे हिशेब मागू लागले. ब्रिटनच्या विज्ञान संशोधन परिषदेने द्रवगतिशास्त्राचे ख्यातनाम अभ्यासक आणि केंब्रिजमधील प्राध्यापक सर जेम्स लाइटहिल यांना या विषयाचे परीक्षण करण्यास सांगितले, आणि त्यांचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. कारखान्यांतील स्वयंचलन आणि मेंदूचा अभ्यास ही दोन क्षेत्रे त्यांनी उपयुक्त ठरवली. या दोहोंना जोडणारा पूल म्हणून मिरवणारे यंत्रमानवांचे संशोधन मात्र त्यांना आधारहीन वाटले. त्यांचा मुख्य आक्षेप ‘शक्यतांच्या स्फोटा’वर होता. बुद्धिबळात एका वेळी साधारण तीसेक खेळ्या शक्य असतात. त्यांतील प्रत्येकीला तितकीच उत्तरे, आणि त्या उत्तरांना पुन्हा तितकीच, असे धरले तर संपूर्ण डावांची संख्या एकावर १२० शून्ये या घरात जाते, हा हिशेब शॅनन यांनी १९५० सालीच मांडला होता. टेबलावरच्या चार ठोकळ्यांच्या खेळण्यातल्या जगात जी पद्धत चालते ती खऱ्या जगात न्यावी तर ती या स्फोटात सापडते आणि अटकळी अपुऱ्या पडतात, असे लाइटहिल यांचे म्हणणे होते. याच अहवालात त्यांनी असेही सुचवले की, मूल जन्माला घालता येत नाही याची भरपाई म्हणून पुरुष सर्जनाच्या कामात झटतात हे मत खरे मानले, तर यंत्रमानव बांधणे ही त्याची आदर्श भरपाई होय. सरकारी अहवालात असा शेरा विरळाच.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच वर्षी लाइटहिल यांचा मिची, मॅकार्थी आणि मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांच्याशी जाहीर वादविवाद झाला आणि बीबीसीने तो दाखवला. परंतु निर्णय अनुदानाच्या रकमेत लागायचा होता आणि तो विरोधात लागला. ब्रिटनमध्ये हे संशोधन मोजक्या विद्यापीठांपुरते आक्रसले, अमेरिकेतही संरक्षण खात्याने हात आखडता घेतला, आणि पैशाच्या या दुष्काळाला पुढे ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा हिवाळा’ असे नाव पडले.

वायद्यांचा ताळेबंद

या पर्वाची संपत्ती शून्य होती असे मात्र कोणी मानू नये. मॅकार्थी यांची ‘लिस्प’ ही संगणकभाषा, एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था, आणि चालताना थरथरत असल्यामुळे ‘शेकी’ हे नाव मिळालेल्या यंत्रमानवासाठी १९६८ साली शोधलेली सर्वांत जवळचा मार्ग काढण्याची रीत, या गोष्टी पुढे सर्वत्र वापरात आल्या. पण वचन दिलेल्या वस्तूंच्या यादीत यांतली एकही नव्हती. वचन दिलेल्या वस्तूही अखेरीस आल्या, फक्त उशिराने आणि बहुधा दुसऱ्याच वाटेने. नवे गणिती प्रमेय यंत्राने १९९६ साली सिद्ध केले. बुद्धिबळाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्ह यांना आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने १९९७च्या मे महिन्यात हरवले, म्हणजे दहा वर्षांच्या वायद्याला चाळीस वर्षे लागली, आणि सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या यंत्राचा भर माणसासारख्या अटकळीपेक्षा आकडेमोडीच्या बळावरच अधिक होता. अनेक थरांच्या जाळ्याला शिकवण्याची रीत १९८६ साली सर्वमान्य झाली. आणि एका उन्हाळ्यात उरकण्याजोगा मानलेला दृष्टीचा प्रश्न ४६ वर्षांनी, २०१२ साली, रोझेनब्लाट यांच्या परसेप्ट्रॉनच्या वंशातील जाळ्याने निर्णायक रीतीने पुढे नेला. त्यासाठी व्हिडिओ खेळांकरिता बनवलेल्या दोन चिपा आणि हजारो माणसांनी एकेक पाहून नावे दिलेली लक्षावधी छायाचित्रे लागली, म्हणजे यंत्राला पाहायला शिकवण्यासाठी माणसांना खूपच पाहावे लागले.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष, यंत्रांना कधीच काही जमणार नाही हा नव्हे. तसे म्हणणाऱ्यांचीही ड्रायफस यांच्यासारखी पंचाईत झालेली आहे. निष्कर्ष असा की, काम किती अवघड आहे हे ठरवताना तज्ज्ञ स्वतःच्या घामाचे माप लावतो, आणि ते माप यंत्राला लागू पडत नाही. प्रमेय सोडवायला विद्वानाला कष्ट पडतात म्हणून ते बुद्धीचे शिखर मानले गेले, आणि गर्दीत आईचा चेहरा ओळखायला तान्ह्या मुलाला कष्ट पडत नाहीत म्हणून ते पायथ्याचे काम ठरले. यंत्रांनी हा क्रम उलटा करून दाखवला. आजही अमुक वर्षांत यंत्र सर्व काही करील असे वायदे रोज वाचनात येतात. वाचकाने ते करणाऱ्याच्या विद्वत्तेने दिपून जाऊ नये, कारण सायमन आणि मिन्स्की यांच्यापाशी विद्वत्तेची वाण नव्हती. नेमके कोणते काम, ते झाले हे कोण व कशाने ठरवणार, आणि वायद्यावर कोणाचे अनुदान अवलंबून आहे, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत दहा वर्षांचा आकडा चाळीस समजून चालावे.